विराम अवस्थेतून सोडलेला चेंडू ऊर्जेच्या समीकरणात जागचा हलत का नाही?

पायथनशिकाऊ

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकतो आणि सध्या मुक्त पतनाचा एक लहानसा प्रोग्राम लिहीत आहे. उंचावर धरलेला चेंडू अलगद सोडायचा, म्हणजे त्याचा सुरुवातीचा वेग शून्य. हवेचा रोध विचारात घ्यायचा नाही. आणि दर ०.०१ सेकंदाने तो किती खाली आला हे छापायचे, एवढेच काम आहे.

हा प्रोग्राम मी दोन प्रकारे लिहिला. पहिल्या प्रकारात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वापरला. चेंडूची जेवढी स्थितिज ऊर्जा कमी होते तेवढीच गतिज ऊर्जा वाढते, म्हणून वेगाचा वर्ग = २ × ९.८ × पडलेले अंतर. प्रत्येक पायरीला या सूत्राने वेग काढायचा, त्याला ०.०१ ने गुणायचे आणि आलेले उत्तर अंतरात मिळवायचे. दुसऱ्या प्रकारात ऊर्जेचा विचारच केला नाही. प्रत्येक पायरीला वेगात ९.८ × ०.०१ एवढी भर घातली आणि त्या नव्या वेगाने अंतर वाढवले.

दुसरा प्रकार व्यवस्थित चालतो आणि १ सेकंदानंतर ४.९४९ मीटर असे उत्तर देतो, जे ४.९ या खऱ्या उत्तराच्या जवळ आहे. पहिल्या प्रकारात मात्र प्रत्येक ओळीत शून्यच छापले जाते. अंतर शून्य म्हणून वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणून पुढचे अंतरही शून्य, या चक्रातून चेंडू बाहेरच पडत नाही. गंमत अशी की सुरुवातीचे अंतर शून्याऐवजी फक्त १ मिलिमीटर दिले, तर हाच प्रोग्राम चालू लागतो आणि १ सेकंदात ४.८ मीटरच्या थोडे पुढे पोहोचतो.

प्रोग्राममध्ये टंकनाची चूक नाही, हे मी तपासले आहे. मग चूक नेमकी कुठे आहे? आणि खरा चेंडू या चक्रात का अडकत नाही?

कोपरा_३०

आपला गोंधळ 'वेग शून्य आहे' आणि 'वस्तू स्थिर राहणार आहे' ही दोन विधाने एकच मानल्यामुळे झालेला दिसतो. चेंडू सोडण्याच्या क्षणी त्याचा वेग शून्य असला, तरी त्याचे त्वरण शून्य नसते. हाताचा आधार सुटताक्षणी गुरुत्व त्वरण पूर्णपणे लागू होते. ते हळूहळू वाढत ९.८ पर्यंत जात नाही. हळूहळू वाढतो तो वेग.

सुरुवातीच्या काळातील आकडे पाहिले म्हणजे हे पटते. पहिल्या ०.००१ सेकंदात चेंडू जेमतेम ४.९ मायक्रोमीटर खाली येतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा अगदी लहानसा अंश. पहिल्या ०.०१ सेकंदात ०.४९ मिलिमीटर, तर पहिल्या ०.१ सेकंदात ४९ मिलिमीटर. काळ दहापट झाला की अंतर शंभरपट होते. त्यामुळे सोडलेली वस्तू क्षणभर थबकते आणि मग पडते असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात ती कुठेही थबकत नाही.

आपल्या प्रोग्रामबद्दल माझे मत असे की, अगदी सुरुवातीच्या क्षणी ऊर्जेचे समीकरण लागू होत नसावे. तो एक क्षण वगळून पुढे वापरावे.

पायथनशिकाऊ

धन्यवाद. आकड्यांमुळे सुरुवातीचे चित्र स्पष्ट झाले. पण शेवटच्या वाक्याशी माझे मन सहमत होत नाही. सुरुवातीच्या क्षणी अंतर शून्य आहे आणि वेगही शून्य आहे, म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजू शून्य आहेत. मग त्या क्षणी ते समीकरण तंतोतंत खरेच ठरते. जे समीकरण प्रत्येक क्षणी खरे आहे, त्यातून चुकीचे उत्तर कसे येऊ शकते?

त्रिज्या_आणि_परीघ

आपला हा उपप्रश्न मूळ प्रश्नापेक्षाही चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊर्जेचे समीकरण सुरुवातीच्या क्षणीही खरे आहे आणि नंतरही. अडचण वेगळीच आहे: ते समीकरण पडणाऱ्या चेंडूला जसे लागू होते, तसेच न पडणाऱ्या चेंडूलाही लागू होते. चेंडू हातातच धरून ठेवला आहे असे समजा. अंतर शून्य, वेग शून्य, ऊर्जेत कोणताही बदल नाही. समीकरणाची काहीच तक्रार नाही. चेंडू ५ सेकंद अधांतरी थांबला आणि मग पडू लागला, अशी अशक्य गती कल्पिली, तरी तिच्यातील प्रत्येक क्षणी वेगाचा वर्ग हा २ × ९.८ × अंतर एवढाच भरतो. ५ सेकंदांऐवजी कोणताही काळ घ्या, तेच होते. म्हणजे आपल्या समीकरणाला एक नव्हे, तर अगणित उत्तरे आहेत आणि 'कायम जागच्या जागी' हे त्यांपैकी एक आहे. प्रोग्रामने चुकीचे उत्तर शोधले नाही. आपण विचारलेल्या समीकरणाचे एक बरोबर उत्तर त्याने शोधले. ते निसर्गाचे उत्तर नाही, एवढेच.

आता ही जादा उत्तरे शिरली कुठून ते पाहू. मूळ नियम न्यूटनचा आहे: त्वरण = ९.८. या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वेगाने गुणून संकलन (इंटिग्रेशन) केले की ऊर्जेचे समीकरण मिळते. वेग शून्य नसेल तोवर या गुणाकाराने काही बिघडत नाही, कारण त्याच वेगाने पुन्हा भागून मूळ समीकरणाकडे परतता येते. पण ज्या क्षणी वेग शून्य असतो, त्या क्षणी दोन्ही बाजू शून्याने गुणल्या जातात आणि त्वरण ९.८ होते की ० होते, ही माहिती पुसली जाते. विराम अवस्थेतून सुरुवात करणाऱ्या वस्तूला नेमकी तीच माहिती हवी असते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला पोहोचतो तेव्हाही हेच घडते. तो तेथून खाली परततो हे ऊर्जेचे समीकरण सांगू शकत नाही. तो तेथेच लटकून राहिला तरी ऊर्जेचा हिशेब चुकत नाही.

यामागचे गणितही पाहण्यासारखे आहे. वेग हा अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात आहे, आणि वर्गमूळाचा आलेख शून्यापाशी अगदी उभा असतो, म्हणजे तेथे त्याचा चढ अनंत होतो. विकलक समीकरणाला (म्हणजे बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणाला) एकच उत्तर मिळेल याची हमी देणारी जी अट लिपशिट्झ या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ती नेमकी या ठिकाणी मोडते. म्हणूनच चेंडू १ मिलिमीटर खाली ठेवताच आपला प्रोग्राम मार्गी लागला. तेथे चढ मोठा असला तरी मर्यादित आहे.

तो १ मिलिमीटर फुकटचा नाही, हेही लक्षात असू द्यावे. १ मिलिमीटर पडायला खऱ्या चेंडूला सुमारे ०.०१४ सेकंद लागतात, आणि आपण चेंडूला तेथे पोहोचल्यानंतरचा वेग आयताच देत आहात. त्यामुळे आपले घड्याळ तेवढ्याने मागे राहते.

तळटीपांचा_शौकीन

वरील उत्तर नेमके आहे. त्याला जोडून इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण 'वेग अंतरावरून ठरवायचा की काळावरून' या प्रश्नाने खुद्द गॅलिलिओलाही चकवले होते.

ऑक्टोबर १६०४ मध्ये पाडुआहून व्हेनिसचे आपले विद्वान मित्र पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने असे मांडले की, विराम अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. नवल असे की, अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि समान काळखंडांतील अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हे बरोबर निष्कर्ष त्याला तेव्हाही ठाऊक होते. त्यांना आधार म्हणून निवडलेले तत्त्व तेवढे चुकीचे होते. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'दोन नव्या विज्ञानां'वरील ग्रंथात त्याने वेग काळाच्या प्रमाणात वाढतो ही व्याख्या स्वीकारली, आणि आपल्या लेखकालाही (म्हणजे खुद्द गॅलिलिओला) काही काळ तोच भ्रम होता, अशी कबुली त्या संवादरूप ग्रंथातील साल्व्हियाती या पात्राच्या तोंडून दिली.

जुने तत्त्व का टिकत नाही, हे आज दोन ओळींत दाखवता येते. वेग अंतराच्या प्रमाणात असेल, तर अंतर चक्रवाढीने वाढते. आणि चक्रवाढीला मुद्दल लागते. मुद्दलच शून्य असेल तर कितीही काळ गेला तरी शून्यच राहते. म्हणजे १६०४ चा नियम खरा असता, तर विराम अवस्थेत असलेली कोणतीही वस्तू कधीच पडली नसती. येथे जादा उत्तरांचा प्रश्नच नाही. 'जागच्या जागी' हे एकच उत्तर आहे. गॅलिलिओने स्वतः दिलेले खंडन वेगळे होते. त्या नियमाप्रमाणे ४ हात आणि ८ हात पडायला सारखाच वेळ लागेल, आणि हे गती तत्काळ घडत असेल तरच शक्य आहे, असे त्याने म्हटले. त्याचा हा युक्तिवाद कितपत निर्दोष आहे यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. निष्कर्ष मात्र बरोबर आहे.

प्रयोगही सरळ होता. थेट पतन फार झटपट होते, म्हणून त्याने लांब लाकडी तुळईत खोबण कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावले, तुळईचे एक टोक थोडे उचलले आणि काशाचा गोळा विराम अवस्थेतून सोडला. काळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पडणारे पाणी गोळा करून त्याचे वजन केले. न घसरता गडगडणाऱ्या भरीव गोळ्याचे त्वरण सपाट उतारावर घर्षणविरहित घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश असते, कारण ऊर्जेचा काही भाग गोळा फिरवण्यात जातो. खोबणीत हा गुणक आणखी थोडा कमी होतो. गॅलिलिओला हे ठाऊक नव्हते. पण त्वरण कमी असले तरी स्थिर होते, म्हणून १, ३, ५, ७ हे प्रमाण बिघडले नाही.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेते, म्हणून चर्चेत थोडी माती आणते. विराम अवस्थेतून सुरुवात होण्याचा क्षण समीकरणात जितका निसरडा आहे, तितकाच प्रयोगशाळेतही आहे.

आमच्याकडे लोखंडी गोळी विद्युतचुंबकाने धरून ठेवतात. प्रवाह बंद केला की घड्याळ सुरू होते आणि गोळी खालच्या पट्टीवर आदळली की थांबते. पण प्रवाह बंद झाला तरी चुंबकत्व त्याच क्षणी नाहीसे होत नाही, त्यामुळे गोळी थोडी उशिरा सुटते. हा उशीर ०.०२ सेकंद आहे असे धरा. अर्धा मीटर पडायला खरा वेळ सुमारे ०.३२ सेकंद लागतो, घड्याळ ०.३४ दाखवते. अंतराची दुप्पट भागिले काळाचा वर्ग असे केले की गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास येते. महाराष्ट्रात ते ९.७८ ते ९.७९ यायला हवे, म्हणजे चूक अकरा टक्क्यांची झाली. मग विद्यार्थी हवेच्या रोधाला दोष देतात, जो अर्धा मीटर पडणाऱ्या लोखंडी गोळीच्या बाबतीत नगण्य असतो.

यावर उपाय असा की, एकाच उंचीवरून त्वरण काढू नये. चार-पाच वेगवेगळ्या उंचींसाठी काळ मोजावा आणि उंचीच्या वर्गमूळाचा काळाशी आलेख काढावा. सरळ रेषा येते. तिचा चढ २.२१ च्या जवळ असतो. त्याचा वर्ग करून दुप्पट केली की गुरुत्व त्वरण मिळते. रेषा काळाच्या अक्षाला शून्यावर न छेदता जेथे छेदते, तेवढा सुटण्यातील उशीर. वर ज्यांनी 'थांबून मग पडणाऱ्या' चेंडूची कल्पना केली, त्यांचीच ही रेषा आहे. फक्त येथे थांबण्याचे कारण चुंबक आहे आणि ते मोजता येते.

गोळीला कागदाचा लहान तुकडा चिकटवून ती चुंबकाला लावली तरी हा उशीर बराच कमी होतो.

पायथनशिकाऊ

सर्वांचे आभार. माझ्या समजुतीप्रमाणे निष्कर्ष असा की, ऊर्जेचे समीकरण विराम अवस्थेत माहिती गमावते, परंतु बलाचे समीकरण वापरले तर उत्तर नेहमी एकच येते. हे बरोबर आहे का?

त्रिज्या_आणि_परीघ

मुक्त पतनापुरते पूर्ण बरोबर आहे. 'नेहमी' हा शब्द मात्र काढावा लागेल, आणि त्याचे कारण रंजक आहे.

प्रथम साधे उदाहरण घेऊ. गोल घुमटाच्या अगदी माथ्यावर एक घर्षणविरहित मणी स्थिर ठेवला आहे. तेथे उताराच्या दिशेने बल शून्य आहे. माथ्यापासून थोडे दूर गेल्यास बल त्या अंतराच्या प्रमाणात वाढते. अशा वेळी ऊर्जेवरून वेग काढला, तर माथ्याच्या परिसरात तो अंतराच्या प्रमाणात येतो. म्हणजे गॅलिलिओचा १६०४ चा नियम मुक्त पतनाला लागू नसला, तरी घुमटाच्या माथ्याजवळच्या मण्याला तो बरोबर लागू होतो! आणि म्हणूनच अचूक माथ्यावर अचूक स्थिर असलेला मणी, निदान कागदावर, कधीच घसरत नाही. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीचेही तसेच. प्रत्यक्षात ती पडते, कारण तिला इवलासा कल किंवा धक्का मिळालेला असतोच; तो कल निम्मा केला तर पडण्याचा वेळ दुप्पट होत नाही, फक्त एका ठरावीक रकमेने वाढतो.

आता घुमटाचा आकार बदलू. पिट्सबर्ग विद्यापीठातील विज्ञानाचे तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी २००३ मध्ये असा घुमट मांडला, ज्यात माथ्यापासूनची खोली ही पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतराच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. यात उताराच्या दिशेचे बल अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. माथ्यावर बल शून्य आहे, म्हणून मणी कायम तेथे बसून राहणे न्यूटनच्या नियमाला मान्य आहे. पण मणी कितीही काळ स्थिर राहिला, मग कोणत्याही कारणाशिवाय कोणत्याही दिशेने निघाला आणि त्यानंतरचे त्याचे अंतर काळाच्या चौथ्या घाताने वाढले, तर तेही त्याच नियमाला मान्य आहे. निघण्याच्या क्षणी वेग शून्य, त्वरणही शून्य. कुठेही धक्का नाही.

येथे आपल्या मूळ प्रश्नाशी दुवा लागतो. मुक्त पतनात ऊर्जेवरून येणारा वेग अंतराच्या अर्ध्या घाताने वाढतो, नॉर्टनच्या घुमटावर पाऊण घाताने, आणि गोल घुमटावर पहिल्या घाताने. घात एकपेक्षा कमी असेल तर शून्यापासून निघून मर्यादित काळात पुढे जाता येते. एक झाला की येत नाही. मुक्त पतन आणि नॉर्टनचा घुमट या दोहोंत निघता येते. फरक असा की, मुक्त पतनात सुरुवातीलाच बल हजर असल्यामुळे 'थांबून राहणे' हे उत्तर न्यूटनचा नियम फेटाळतो. नॉर्टनच्या माथ्यावर बल शून्य असल्यामुळे तो ते फेटाळू शकत नाही.

अर्थात असा घुमट घडवता येणार नाही. त्याच्या माथ्यावर वक्रता अनंत असावी लागते, आणि अणूंनी बनलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला तेवढे टोकदार होणे शक्य नाही. त्यामुळे यातून निसर्गाबद्दल काही सिद्ध होते, असे मला वाटत नाही. न्यूटनचे नियम लिहिताना बल कसे असावे याबद्दल आपण एक अट गृहीत धरतो आणि ती बोलून दाखवत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

कोपरा_३०

सुरुवातीचा क्षण वगळण्याचा माझा सल्ला अपुरा होता, हे आता ध्यानात आले. प्रश्नकर्त्यांना प्रोग्रामपुरती एक व्यावहारिक सूचना करतो. गती पुढे नेण्यासाठी त्वरणच वापरावे आणि ऊर्जेचे समीकरण तपासणीसाठी राखून ठेवावे.

आपल्या दुसऱ्या प्रकारात १ सेकंदानंतर वेग ९.८ आहे, म्हणजे वेगाचा वर्ग ९६.०४, तर २ × ९.८ × ४.९४९ हे ९७.० येते. दोहोंत एक टक्क्याचा फरक आहे. पायरी ०.०१ ऐवजी ०.००१ केली की अंतर ४.९०४९ येईल आणि हा फरक दशांश टक्क्यावर उतरेल. त्याहून सोपे म्हणजे, प्रत्येक पायरीला अंतर वाढवताना जुना वेग आणि नवा वेग यांची सरासरी वापरावी. त्वरण स्थिर असल्यामुळे पायरी कितीही मोठी घेतली तरी उत्तर नेमके ४.९ येईल. हवेचा रोध घातल्यावर ही सोय उरणार नाही. तेव्हा पायरी लहानच ठेवावी लागेल, आणि ऊर्जेच्या हिशेबात हवेने खाल्लेली ऊर्जाही मांडावी लागेल.